डोक्यात बसलेलं गाणं म्हणतं कोण?

सकाळी साडेसातला आमच्या गल्लीत घंटागाडी येते. कोपऱ्यावर वळताना ड्रायव्हर भोंगा सुरू करतो आणि ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायला सांगणारं गाणं पहिल्यापासून लागतं. आमच्या फाटकाशी गाडी थांबली की तो भोंगा बंद करतो, कारण समोरच्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. त्यामुळे रोज आमच्या वाट्याला त्या गाण्याच्या दोनच ओळी येतात. तिसरी ओळ पुढच्या गल्लीची.

साडेनऊला आई पोळ्या लाटायला घेते. लाटणं फिरत असतं, पोळी गोल होत असते आणि तिच्या घशातून बारीक आवाजात त्याच दोन ओळी येत असतात. दुसरी संपली की परत पहिली. परवा मी विचारलं, "आई, काय म्हणतेयस?"

"मी? कुठे काय म्हणतेय?" तिचं लाटणं थांबलं. मग तिचं तिलाच कळलं. "अगंबाई, तेच का? सकाळपासून डोक्यात बसलंय मेलं."

ती म्हणत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. डोक्यात बसलेल्या गाण्याबद्दल जे काही कळायला हवं, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं. आपण समजतो की गाणं कुठून तरी डोक्यात शिरलं आणि आता ते वाजतंय, आपण बिचारे ऐकतोय. खरं तर ते आपणच म्हणत असतो, ओठ न हलवता.

जर्मन भाषेत याला 'ओअरवुर्म' म्हणतात, म्हणजे कानातला किडा. ते एका खऱ्या किड्याचंही नाव आहे. तो झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो अशी तिकडची जुनी समजूत, आपल्याकडे गोमेबद्दल आहे तशीच. इंग्रजीने त्या शब्दाचं शब्दशः भाषांतर करून 'इअरवर्म' केलं. शास्त्रज्ञ त्याला अनैच्छिक सांगीतिक प्रतिमा अशा अर्थाचं लांबलचक नाव देतात. अनैच्छिक म्हणजे आपण न बोलावता आलेली.

येते मात्र जवळपास सगळ्यांना. फिनलंडमध्ये लासी लिइक्कानेन या संशोधकाने इंटरनेट वापरणाऱ्या १२,००० हून अधिक लोकांना विचारलं, तेव्हा १० पैकी ९ जणांनी सांगितलं की आठवड्यातून निदान एकदा तरी असं होतं. तेव्हा "माझ्याच डोक्याला काय झालंय" अशी काळजी कुणी करत असेल, तर ती आधी सोडून द्यावी. बहुतेकांना बहुतेक वेळा त्याचा त्रासही होत नाही. गाणं येतं, थोडा वेळ राहतं, जातं. लक्षात राहतात ती न जाणारी.

आता मूळ प्रश्न. म्हणतं कोण?

बँकेचा ओटीपी आठवा. मोबाइलवर सहा आकडे येतात, आपण ते एकदा वाचतो आणि दुसऱ्या खिडकीत टाकेपर्यंत मनातल्या मनात पुटपुटत राहतो. मध्येच कुणी "चहा घेणार का?" विचारलं की आकडे गेले. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली अशा तात्पुरत्या स्मरणाची एक मांडणी केली. त्यात एक भाग फक्त आवाजाचा आहे. त्याचीही दोन अंगं मानली जातात. एक मनाचा कान. त्यात आवाज जेमतेम दोन-एक सेकंद टिकतो आणि पुसट होत जातो. दुसरं मनाचं तोंड. पुसट होणारा आवाज ते पुन्हा म्हणतं, की कानात तो परत ताजा होतो. तोंड म्हणतं, कान ऐकतो, ऐकलेलं तोंड परत म्हणतं. रहाट फिरावा तसा हा फेरा चालतो. ओटीपी याच फेऱ्यावर टिकतो, आणि डोक्यात बसलेलं गाणंही यावरच फिरत असतं असं मानायला चांगली कारणं आहेत.

हे घरबसल्या पाहता येतं. कुठलीही पाठ असलेली आरती मनात सुरू करा, एक कडवं नीट चालू द्या. आता तोंडाने, हलक्या आवाजात, "बे बे बे बे" म्हणत राहा आणि आतली आरती तशीच चालू ठेवायचा प्रयत्न करा. बहुतेकांची आरती अंधुक होते, शब्द निसटतात, चाल अडखळते. आता तोंड बंद करा आणि फक्त बोटाने टेबलावर टकटक करा. आरती बऱ्यापैकी चालू राहते. बोट दुसऱ्या कामाला लावलं तर चालतं, तोंड लावलं तर अडतं, कारण आतल्या आरतीला तोंडाचीच यंत्रणा लागते.

इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात फिलिप बीमन आणि सहकाऱ्यांनी हेच नीट तपासलं. त्यांचा निबंध २०१५ साली आला. लोकांना एक चिकट गाणं ऐकवलं, मग काही मिनिटं शांत बसवलं आणि गाणं मनात आलं की बटण दाबायला सांगितलं. काहींना या वेळात च्युइंगम चघळायला दिलं होतं. च्युइंगम चघळणाऱ्यांच्या मनात गाणं कमी वेळा आलं. मग कुणी म्हणेल, काहीतरी चाळा मिळाला म्हणून लक्ष उडालं असेल. त्यासाठी त्यांनी आणखी एक प्रयोग केला. काहींना बोटाने टकटक करायला लावली. टकटक करण्यापेक्षा चघळण्याचा परिणाम जास्त दिसला. चाळा तोंडाला हवा होता.

मला हे वाचून आपल्या भाषेचं फार कौतुक वाटलं. पाठ झालेल्या गोष्टीला आपण काय म्हणतो? तोंडपाठ. मुखोद्गत. कंठस्थ. गाण्याच्या बाबतीतही "डोक्यात बसलंय" इतकंच सहज "तोंडात बसलंय" म्हणतो, "सकाळपासून ओठांवर आहे" म्हणतो. पाठांतर राहतं ते तोंडात आणि कंठात, ही जाण त्या शब्दांत आधीपासून आहे.

कानाचा वाटा नाही असं मात्र नव्हे. २००५ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या डेव्हिड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध छापला. त्यांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून गाणी ऐकवली आणि गाण्यांत मध्ये मध्ये काही सेकंदांचा आवाज कापून टाकला, तिथे निव्वळ शांतता ठेवली. अनोळखी गाण्यात शांतता आली की ती शांतताच राहिली. ओळखीच्या गाण्यात मात्र शांततेतही मेंदूचा ऐकण्याचा भाग काम करत राहिला, आणि लोकांनी सांगितलं की गाणं आत पुढे चालूच होतं. रेडिओची खरखर होऊन स्टेशन दोन क्षण गेलं तरी आपण गाण्यात चुकत नाही, आवाज परत येतो तेव्हा आपण बरोबर त्याच शब्दावर असतो, ते यामुळे. ओळखीच्या गाण्याची पुढची जागा मेंदू आधीच भरून ठेवतो. त्याला तिथे रिकामं चालत नाही.

आणि ही आतली नक्कल भलतीच नेमकी असते. डरहॅम विद्यापीठाच्या केली याकुबोव्स्की यांनी काही लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं घड्याळासारखं यंत्र बांधून त्यांना नेहमीच्या कामाला पाठवलं. अट एकच, मनात गाणं आलं की त्याच्या ठेक्यावर हाताने टकटक करायची. चार दिवसांच्या त्या नोंदी मूळ ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिल्या, तर मनातली लय मूळ लयीच्या अगदी जवळ निघाली. ज्यांनी गाणं शिकलेलं नाही अशांनाही लय इतकी पक्की धरता येते, हे माझ्यासारख्या गाण्याच्या क्लासला जाऊन आलेल्या माणसालाही चकित करणारं आहे.

मग पूर्ण गाणं का नाही फिरत? दोनच ओळी का?

याचं उत्तर बरंचसं आपल्या गाण्यांच्या बांधणीत सापडतं. भावगीत घ्या, सिनेमातलं गाणं घ्या, भजन घ्या. ध्रुवपद, मग अंतरा, मग पुन्हा ध्रुवपद. प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ अशी बांधलेली असते की ती तुम्हाला हाताला धरून ध्रुवपदाच्या दारात आणून सोडते. ख्यालगायकीत गवई कितीही लांब फिरून आला तरी मुखडा धरून समेवर येतो, आणि समेवर आला की श्रोत्याची मान हलते. परत येणं हाच या रचनांचा आनंद आहे. 'पालुपद' हा शब्द गाण्यातूनच आला, आणि एखादा माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायला लागला की आपण म्हणतो, "झालं याचं पालुपद सुरू." गाणं डोक्यात अडकतं ते याच जागी. ध्रुवपद सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, म्हणून सगळ्यात पक्कं. अंतरा अर्धवट आठवतो. मनाचं तोंड ध्रुवपद म्हणतं, अंतऱ्याच्या तोंडाशी येतं, पुढचे शब्द सापडत नाहीत, म्हणून सापडतात तिथे परत जातं.

गणपतीत हे सगळ्या घरांत घडताना दिसतं. 'सुखकर्ता दुःखहर्ता', 'लवथवती विक्राळा' आणि 'दुर्गे दुर्घट भारी' या तिन्ही आरत्या साधारण एकाच चालीत म्हटल्या जातात आणि तिन्हींत कडव्यामागून कडवं 'जय देव जय देव' किंवा 'जय देवी जय देवी'वर येतं. टाळ्यांच्या नादात घरातला कुणीतरी शंकराच्या आरतीतून थेट गणपतीच्या कडव्यात जातो, त्याच्यामागून अर्धं घर जातं, आणि पहिलंच कडवं दुसऱ्यांदा म्हटलं जातं. 'जय देव'चा तो चौक सगळ्या रस्त्यांना सारखाच असतो. तिथे पोचल्यावर स्मरण सगळ्यात मळलेली वाट धरतं. डोक्यात अडकलेलं गाणं अशाच चौकात येतं आणि दर वेळी त्याच वाटेने परत फिरतं.

पुन्हा पुन्हा येणं ही गोष्ट मुळातच विलक्षण आहे. डायना डॉइच या संगीताच्या मानसशास्त्रज्ञ आपल्याच आवाजातलं एक ध्वनिमुद्रण तपासत होत्या. त्यातला एक साधा बोललेला तुकडा यंत्रावर एकसारखा फिरत राहिला, आणि काही वेळाने त्यांना ते वाक्य कुणी गातंय असं वाटायला लागलं. शब्द तेच, आवाज तोच, फक्त पुनरावृत्ती. हे अनुभवायला प्रयोगशाळा लागत नाही. दुपारी भंगारवाल्याची हाक चार इमारतींवरून ऐका. पहिल्या हाकेला ते शब्द असतात. पाचव्या हाकेला ती चाल झालेली असते, आणि संध्याकाळी घरातलं पोर तीच चाल म्हणत खेळत असतं. शाळेतले पाढे आपण असेच गायलो. "बे दुणे चार"ला शिक्षकांनी कुणी चाल लावून दिली नव्हती.

चिकटणाऱ्या गाण्यांच्या स्वरांत काही खास असतं का, हे याकुबोव्स्की यांच्याच गटाने पाहिलं. ३,००० लोकांना विचारून त्यांनी डोक्यात बसणारी १०० गाणी काढली, आणि तितकीच लोकप्रिय पण कुणाच्या डोक्यात न बसलेली १०० गाणी शेजारी ठेवली. २०१६ साली निष्कर्ष आले. बसणारी गाणी थोडी जलद लयीची होती. त्यांच्या सुरावटीचा एकूण आकार ओळखीचा, अगदी साधा होता. पण त्या साधेपणात कुठेतरी एखादी अनपेक्षित उडी, किंवा एकाच स्वरावर नेहमीपेक्षा जास्त ठिय्या होता.

साधा आकार म्हणजे काय? बालवाडीत सगळ्यांना शिकवलेलं ते लुकलुकणाऱ्या ताऱ्याचं इंग्रजी गाणं पेटीवर वाजवून पाहा. सा सा प प ध ध प. मग, म म ग ग रे रे सा. पहिली ओळ वर चढते, दुसरी पायरी पायरीने खाली येते. जिना चढलो, जिना उतरलो, आणि निघालो होतो त्याच 'सा'वर पोचलो. तिथून परत चढायला काहीच अडचण नाही. जगभर लहान मुलांची कितीतरी गाणी याच आकाराची आहेत, आणि तो आकार गळ्याला सोपा आहे. माझं मन पुन्हा त्याच मुद्द्याशी येतं. ज्याची नक्कल मनाच्या तोंडाला सहज करता येते, ते गाणं चिकटतं. अवघड तान ऐकून आपण थक्क होतो, पण ती दिवसभर डोक्यात फिरत नाही. फिरतो तो बंदिशीचा मुखडा.

गाणं नेमकं कधी येतं, याचा मागही लोकांनी घेतला आहे. व्हिक्टोरिया विल्यमसन यांनी ब्रिटनमध्ये रेडिओच्या श्रोत्यांकडून शेकडो अनुभव गोळा केले. नुकतंच किंवा वारंवार ऐकलेलं गाणं येतं, हे तर अपेक्षितच. पण कित्येकदा नुसता धागा पुरतो. एखादा शब्द, जागा, वास, माणूस. विल्यमसन यांनी स्वतःचाच अनुभव सांगितला आहे. घरात बुटांचं जुनं खोकं दिसलं, त्यावर दुकानाचं नाव होतं, आणि त्याच नावाचं गाणं त्यांच्या डोक्यात सुरू झालं. मनःस्थिती हेही एक कारण. आणि शेवटचं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं, म्हणजे हात गुंतलेले आणि मन मोकळं. भांडी घासताना, बसच्या खिडकीशी, चालताना, पोळ्या लाटताना.

चालण्याचं विशेष आहे. आमच्या शेजारच्या मावशी दर वर्षी आळंदीहून वारीला जातात. पंधरा-वीस दिवस टाळांच्या ठेक्यावर 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत पाऊल टाकायचं. परतल्यावर आठवडाभर त्या जिना उतरतात तेव्हा पाय त्याच लयीत पडतात, आणि त्या म्हणतात, "भजन थांबलंच नाही अजून." त्यांना ते थांबायला नकोच असतं. नामस्मरणाची पद्धत ज्यांनी घालून दिली, त्यांना माणसाच्या मनाचा हा स्वभाव नीट माहीत होता असं मला वाटतं. आतलं तोंड रिकामं राहत नाही, काही ना काही म्हणतच राहतं. मग ते काय म्हणेल हे तरी आपण ठरवावं. त्यासाठी छोटा, लयबद्ध, कधीही सुरू होणारा आणि कुठेही न संपणारा शब्दसमूह द्यायचा.

झोपेचं काय? रात्री गाणी ऐकत झोपणाऱ्यांनी हे वाचावं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या मायकल स्कलिन यांनी २०२१ साली दाखवलं की झोपण्याआधी ऐकलेली गाणी रात्रीही मनात चालू राहू शकतात आणि झोप लागायला उशीर करतात. त्यांनी प्रयोगात गाजलेली गाणी दोन प्रकारे ऐकवली, काहींना शब्दांसकट, काहींना फक्त वाद्यांवर. आपल्याला वाटेल शब्द नसलेलं बरं, शांत झोप लागेल. उलट झालं. नुसत्या वाद्यांवरच्या चालींनी जास्त लोकांच्या डोक्यात घर केलं. माझा यावरचा तर्क असा, की ओळखीच्या गाण्यातले शब्द काढून घेतले तर ती जागा भरायचं काम आपल्या मनाच्या तोंडावर येतं, आणि एकदा ते कामाला लागलं की थांबत नाही. क्रेमर यांच्या प्रयोगातल्या शांततेसारखंच हे. सिनेमागीतांची बासरी किंवा संतूर लावून झोपायची सवय असेल आणि झोप मोडत असेल, तर काही दिवस ते बंद करून पाहायला हरकत नाही.

आता घालवायचं कसं. पहिली गोष्ट, घालवायला जाऊ नये. आजीच्या गोष्टीतला वैद्य औषध देताना म्हणतो, "औषध घेताना माकडाची आठवण मात्र काढायची नाही," आणि रोग्याला जन्मभर पुडी सोडताना माकडच दिसतं. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. विचार येतोय का हे तपासायला मनाला आधी तोच विचार हातात घ्यावा लागतो. गाण्याचंही तेच. "जा, जा" म्हणताना आपण त्याला मानाने बोलावत असतो.

मग मनाच्या तोंडाला दुसरं काम द्यावं. च्युइंगमचं पाहिलंच, बडीशेप किंवा सुपारीच्या जागी आवळकाठी चघळली तरी तोंड गुंतेल. कुणाशी तरी बोलावं. मोठ्याने वाचावं. आयरा हायमन यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना गाणी ऐकवून नंतर कोडी सोडवायला दिली, तेव्हा एक गंमतशीर गोष्ट दिसली. कोडी फार सोपी असली की मन भटकलं आणि गाणं परत आलं. फार अवघड असली तरीही मन हरलं, भटकलं आणि गाणं परत आलं. शब्दांची मध्यम अवघड कोडी लागू पडली. रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं इथे खरंच उपयोगी आहे, कारण त्यात अक्षरं मनातल्या मनात म्हणून पाहावी लागतात, म्हणजे तेच तोंड गुंततं.

आणि एक उपाय पुष्कळ लोक स्वतःहून शोधतात. गाणं पूर्ण ऐकायचं. अडलेल्या अंतऱ्याचे शब्द शोधायचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा मोकळ्या गळ्याने म्हणायचं. यामागे अपूर्ण कामाचा विचार आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली बर्लिनमध्ये मांडलं होतं की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेलं काम मनात जास्त रेंगाळतं. हा नियम सगळीकडे सारखा लागू पडत नाही, पुढे पुष्कळांना तो तसा सापडला नाही. काहींना पूर्ण गाणं ऐकून ते आणखी पक्कं बसल्याचाही अनुभव येतो. तरी अंतरा विसरल्यामुळे अडकलेल्या गाण्याला हा उपाय आधी करून पाहावा असं मी म्हणेन.

एका बाबतीत मात्र हलक्यात घेऊ नये. डोक्यात बसलेलं गाणं आतून येतंय हे आपल्याला पक्कं माहीत असतं. घरातल्या वयस्कर माणसाने "शेजारी केव्हापासून रेडिओ लावलाय, बंद करायला सांग" असं म्हटलं, आणि शेजारी सामसूम असेल, तर ते वेगळं आहे. त्याला संगीताचा भास म्हणतात. ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये तो दिसतो. बाहेरून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपल्या साठवणीतला आवाज वर आणतो. अशा माणसाला "वेड लागलं" म्हणून गप्प करणं फार वाईट. कितीतरी जण त्याच भीतीने सांगतही नाहीत. कानाच्या डॉक्टरांकडे न्यावं, ऐकण्याची तपासणी करावी. श्रवणयंत्र लावल्यावर काहींचा भास कमी होतो. तसंच, गाणं आतलंच आहे पण ते आठवडेच्या आठवडे थांबत नाही, झोप आणि काम दोन्ही बिघडतंय, त्यासोबत मनात इतरही विचार तसेच अडकतायत, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. त्यावर उपचार आहेत.

एरवी हे फिरणारं गाणं आपलं काही काम करत असावं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात बेंजामिन क्युबिट आणि पेत्र यानाता यांनी लोकांना आधी काही अनोळखी सुरावटी ऐकवल्या, नंतर त्याच सुरावटी पार्श्वसंगीत म्हणून लावून चित्रपटांचे तुकडे दाखवले. पुढच्या दिवसांत ज्यांच्या मनात ती सुरावट जास्त वेळा फिरली, त्यांना दृश्यातले तपशीलही जास्त चांगले आठवले. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे गाणं मनात एकटं फिरत नाही, त्याला बांधलेली दृश्यं, माणसं, जागा सगळं सोबत फिरतं आणि दर फेऱ्याला थोडं पक्कं होतं.

आईला तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या येतात. कुणी शिकवल्या नाहीत, वहीत नाहीत. पहाटे जात्याची घरघर चालू असायची, आणि पांघरुणात पडल्या पडल्या तिने त्या ऐकल्या. जातं गेलं, आजी गेली, त्या घराची माळ्याची खोली गेली. ओव्या कुठे राहिल्या पन्नास वर्षं? कधीतरी नदीवर धुणं आपटताना, कधी रेशनच्या रांगेत, ओठ न हलवता, तिला स्वतःलाही न कळता, त्या फिरत राहिल्या असणार. ओवी म्हटली की तिला जात्याचा खुंटा धरलेला आजीचा हात दिसतो, त्या हातातल्या हिरव्या बांगड्यांसकट.

गेल्या रविवारी मी कचऱ्याचा डबा रिकामा केला आणि तो हातात घेऊनच घंटागाडीच्या मागे पुढच्या गल्लीत गेले. तिथे ड्रायव्हरने भोंगा परत सुरू केला. तिसरी ओळ वर चढते, वरच्या सा च्या जवळ जाते. चौथी खाली उतरते आणि छान, गोल होऊन संपते. घरी येऊन मी आईला म्हणून दाखवली.

"असं आहे होय पुढे?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला लाटणं फिरायला लागलं आणि गाणं आलंच. पहिली ओळ, दुसरी, मग जरा चाचपडत तिसरी, चौथी. ती पोळी तव्यावर टाकून होईपर्यंत स्वयंपाकघर गप्प होतं. पुढच्या पोळीला पीठ लावताना तिच्या घशात ओवी सुरू झाली.